बगळ्यानं उचललेली चटई

आसुपोआ गावचा सापोलू थापा मारतो, हे आमच्या बेटावरच्या पांगो पांगोच्या खाडीतल्या माशांनाही ठाऊक होतं. तरी ते ऐकायला काठाशी यायचे, असं सापोलूचं म्हणणं. तरुणपणी त्यानं एका शार्कला गोष्ट सांगता सांगता झोपवलं होतं आणि त्याच्याच पाठीवर बसून तो घरी आला होता; कारण होडी शेजाऱ्यानं मागून नेली होती, आणि शेजारी काही ती परत करणाऱ्यातला नव्हता. शार्कचं कोणी मनावर घेत नसे, पण होडीचं सगळ्या गावाला पटायचं.

सापोलू गावाचा वक्ता होता. लग्न असो, मयत असो, परगावचा पाहुणा असो, सरदारानं मुकाट बसायचं आणि सापोलूनं खांद्यावर चवरी टाकून, काठी टेकून बोलायचं. एकदा म्हणे तो एका मयतीत इतका सुरेख बोलला की मेलेल्या माणसानं डोळे उघडून "पुढे?" म्हणून विचारलं.

या जिभेला लगाम घालणारं माणूस गावात एकच होतं: त्याची थोरली बहीण तौसाला. बहीण म्हणजे भावाच्या डोळ्यातली बाहुली. तिचा शब्द मोडायचा म्हणजे आपल्याच डोळ्यात काडी घालून घ्यायची. सापोलू जगाला टोप्या घालायचा, पण अक्का समोर आली की शहाण्या मुलासारखा मांडी घालून बसायचा.

तौसालाचा एकुलता एक मुलगा लोतोमाऊ. तिशीतला, बोलायला मंद, माडावर चढायला चपळ. आणि हे सगळं घडलं ते त्याच्यापायी.

म्हणजे खरं तर कोळशापायी. अमेरिकेचं निशाण टेकडीवर चढलं तेव्हा सापोलू तरणाताठा होता. जहाजांना कोळसा लागतो आणि कोळसा ठेवायला जागा लागते, एवढंच तेव्हा साहेब लोक म्हणाले होते. सरदारांनी विचार केला, कोळसाच ना, तो काय जेवायला मागणार आहे? पण मग कोळशाला राखण लागली. राखणीला बराक लागली. बराकीला तुरुंग लागला, तुरुंगाला न्यायाधीश लागला, आणि या सगळ्यांवर नजर ठेवायला आरमाराचा गव्हर्नर लागला. आता तर कोळसा जाऊन तेल आलं होतं, आणि तेलाला टाकी हवी होती, ती नेमकी आसुपोआच्या भूशिरावर. तिथं गावाची थडगी होती. लोतोमाऊच्या बापाच्या थडग्यावर निरफणसाचं झाड होतं. त्या झाडाला कुऱ्हाड लावायला एक लेफ्टनंट माणसं घेऊन आला.

गाव जमला. आरडाओरडा झाला. लेफ्टनंट खडकाच्या कडेला उभा राहून हातवारे करत होता, तेवढ्यात त्याला पाठीमागून धक्का बसला आणि तो खाली खडकांवर पडला. हात मोडला. त्यानं वर पाहिलं तर कडेला सगळी तोंडं सारखीच गंभीर. कोणी ढकललं ते त्याला दिसलं नव्हतं. पण लोतोमाऊ सगळ्यात जवळ होता आणि सगळ्यात मोठा होता, म्हणून शिपायांनी त्यालाच धरला.

तौसाला तुरुंगाच्या गजांशी गेली तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "मीच ढकललं, आई. झाडाकडे बोट दाखवून हसला तो."

"हसला?"

"हसला."

"मग ठीक आहे," तौसाला म्हणाली, आणि अळकुड्यांची टोपली आत सरकवून घरी आली. घरी आल्यावर मात्र ती खांबाला टेकून बसली ती उठेना. बराकीतून बातमी आली होती: पुढच्या जहाजानं कैद्यांना अमेरिकेतल्या तुरुंगात नेणार. तिकडे गेलेला माणूस परत आल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

"अक्का, घाबरू नकोस," सापोलू म्हणाला. "मी बोलतो त्यांच्याशी. त्या लेफ्टनंटला सांगतो, तुला भुतानं ढकललं. आमच्या खडकावर एक लंगडं भूत आहेच."

"सापोल्या, बस झाल्या तुझ्या बाता. चटई काढ."

चटई म्हणजे कोणती, हे विचारायची गरज नव्हती. पणजीच्या आईनं केतकीच्या पातीचे केसासारखे धागे काढून ती विणली होती. विणता विणता म्हातारीची नजर गेली. चटईला माणसासारखं नाव होतं, 'निजलेली भरती'. तिची घडी नारळाच्या करवंटीत मावायची. सापोलू सांगायचा की शिंपल्यात.

"अक्का, पण पांघरायची कुणाच्या दारात? हात मोडला लेफ्टनंटचा. त्याला इथं ना घर ना गोत. बराकीत पडलाय."

"त्याच्या कुळाचा मुख्य कोण?"

"बगळा."

"मग बगळ्याच्या दारात."

बगळा म्हणजे गव्हर्नर. गव्हर्नर दर दीड-दोन वर्षांनी बदलायचा. एक उडून गेला की दुसरा येऊन बसायचा. सगळे पांढऱ्याशुभ्र गणवेशात, सगळे उथळ पाण्यात उभं राहून दूर कुठंतरी बघणारे. म्हणून नावं लक्षात ठेवायची भानगड गावानं कधीच सोडून दिली होती. जो असेल तो बगळा.

आता, कुळातल्या कुणी दुसऱ्या कुळाचं रक्त सांडलं, तर त्यावर आमच्याकडे एकच उपाय. त्याला इफोगा म्हणतात. सूर्य उगवायच्या आधी जायचं, ज्याचं नुकसान झालं त्याच्या अंगणात बसायचं आणि डोक्यावरून कुळातली सगळ्यात मोलाची चटई पांघरून घ्यायची. पुढ्यात सरपण, भट्टीचे दगड आणि हिरवी पानं ठेवायची. म्हणजे: हे आम्ही, हे लाकूड, हे दगड; वाटलं तर डुकरासारखं भाजून खा. तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. घरातला मुख्य बाहेर येतो. एक तर तो कुऱ्हाड घेऊन येतो, नाहीतर चटई उचलतो. चटई उचलली की संपलं. मग मुलगा मारला गेलेला बाप मारणाऱ्याच्या हातून आवाच्या मुळीचं पेय पितो आणि त्या गोष्टीचं नाव परत कोणी काढत नाही. कुऱ्हाड किंवा चटई. तिसरं काही नसतं.

पहाटे सगळे टेकडी चढले. पुढे म्हातारा सरदार फुआताऊ, त्याच्या शेजारी सापोलू, मागे पुरुष, त्यामागे बायका. गव्हर्नरच्या बंगल्यापुढच्या हिरवळीवर ते बसले, दगड-लाकडं मांडली आणि सरदार नि वक्त्यानं 'निजलेली भरती' डोक्यावरून ओढून घेतली.

पहारेकऱ्यानं पाहिलं ते असं: दीडशे माणसं आणि दगडांचा ढीग. त्यानं शिट्टी फुंकली. धावपळ झाली, बुटांचा आवाज जवळ आला, बंदुकांचे खटके वाजले. चटईखाली सोनेरी उजेड पाझरायला लागला.

"सापोलू," सरदार कुजबुजला, "माझ्या पायाला मुंग्या आल्या."

"गप बसा, सरदार. आपण मेलेली डुकरं आहोत. डुकराला मुंग्या येणारच."

"बगळा उठला नसेल अजून?"

"उठलाय. अंडी तळल्याचा वास येतोय."

"कुऱ्हाड आणली असेल तर मला आधी कळव. मी डोळे मिटून घेईन."

सापोलूला हसू आलं आणि त्याच वेळी त्याच्या लक्षात आलं की आपल्या मांड्या थरथरताहेत. शार्कच्या पाठीवरही त्या थरथरल्या नव्हत्या. अर्थात तसा शार्क कधी नव्हताच. इथं मात्र तो खरोखर बसला होता, मान पुढे करून, आणि त्याच्या मानेवर भाच्याचा जीव ठेवलेला होता.

गव्हर्नरचा दुभाष्या हाइनी, एका जर्मन खोबरेवाल्याचा इथल्या बाईपासून झालेला मुलगा, त्या वेळी खाडीपलीकडे आपल्या घरी झोपला होता. त्यामुळे बगळ्याला सांगायला कोणी नव्हतं. त्याच्या बुटांची करकर भोवती एकदा फिरली, दोनदा फिरली. तो काहीतरी बोलला. बंदुका खाली झाल्या. मग चटईच्या कडेला दोन बोटं लागली, आणि चटई वर गेली.

लख्ख ऊन. गळ्यात रुमाल बांधलेला बगळा समोर उभा, मिशीला अंड्याचा पिवळा कण, आणि चेहऱ्यावर हसू. निर्मळ, मनापासूनचं हसू.

मागे बायका हंबरडा फोडून रडायला लागल्या. फुआताऊ सरदाराच्या सुरकुत्यांतून पाणी वाहिलं. सापोलूनं क्षमा झाली तर करायचं भाषण रात्रभर घोटून ठेवलं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा त्याला बोलता येईना. तो नुसता बगळ्याचा हात धरून राहिला. बगळ्यानं चटईवरून तळवा फिरवला, तोंडानं कौतुकाचा आवाज काढला, ती घडी करून काखेत घेतली आणि पहिल्या दोन रांगांतल्या सगळ्यांशी हस्तांदोलन केलं. सरपण त्यानं स्वयंपाकघरात पाठवलं. दगड निशाणाच्या खांबाभोवती गोल लावायला सांगितले.

"बघ," सापोलू उतरताना बहिणीला म्हणाला, "दगड निशाणापाशी ठेवले. म्हणजे साक्ष ठेवली. कुळवंत माणूस आहे!"

गावात त्या दिवशी डुकरं कापली गेली. मोठ्यात मोठ्या डुकराची पाठ बगळ्याकडे पोचवली. लोतोमाऊसाठी जागा करून ठेवली होती, ती रात्रीपर्यंत रिकामी राहिली. दुसऱ्या दिवशीही तो आला नाही.

"साहेबांचं सगळंच सावकाश," सापोलू तौसालाला म्हणाला. "कुलूप उघडायलासुद्धा त्यांना आधी वॉशिंग्टनला विचारावं लागतं. तिकडून होय यायला वेळ लागतो."

आठवडा उलटला तेव्हा लोतोमाऊच्या ऐवजी हाइनी आला. त्यानं चपला बाहेर काढल्या, बसला, आणि आवाची वाटी तोंडाला न लावता बाजूला ठेवली.

"सापोलूकाका, खटला चालणार आहे."

"कसला खटला? चटई उचलली त्यानं."

"काका, त्याला माहीत नाही ते काय होतं. त्याला वाटलं, तुम्ही नजराणा घेऊन आलात. रस्त्याला दगड आणि घराला सरपण. त्यानं वर कळवलंय, इथली रयत खूष आहे म्हणून."

सापोलू हसला. "हाइनी, थाप मारायची तर मोजून मारावी. मी धंद्यातला माणूस आहे, मला कळतं. चटई काय हे कुणाला माहीत नसतं का?"

"त्यांना नसतं."

"मग उचलली कशाला?"

हाइनी आवाज खाली आणून म्हणाला, "ऐका नीट. लोतोमाऊच्या बाजूनं बोलायला एक तरुण अफसर दिलाय, बरा आहे. तो म्हणतो, धक्का कोणी मारला हे कुणीच पाहिलं नाही. पुरावा नाही. मुलगा सुटतोय. फक्त त्या दिवशीचं विचारलं तर तुम्ही म्हणायचं, नजराणा होता. बस. काका, जन्मभर थापा मारल्यात. ही एक मारा."

सापोलूनं बहिणीकडे पाहिलं. तौसाला पंख्यानं माश्या वारत होती. ती म्हणाली, "नजराणा म्हटलं, तर मग क्षमा झालीच नाही. रक्त तसंच राहिलं. उद्या त्या लेफ्टनंटचे भाऊ आले, परवा त्याची मुलं आली, तर लोतोमाऊच्या मुलांनी काय दाखवायचं त्यांना?"

"मावशी, त्यांच्यात भाऊ-मुलं येत नाहीत असं मागायला."

"मग कोण येतं?"

"कोणी नाही. ते शिक्षा करतात आणि विसरतात."

तौसालाला हे इतकं ओंगळ वाटलं की तिनं पंखा खाली ठेवला.

कचेरी भरली होती. बगळा पुढच्या खुर्चीत बसला होता. न्यायाधीशानं आधी लोतोमाऊला काही विचारलं आणि हाइनीनं ते सांगितलं. तरुण अफसरानं मागणी केली होती की त्याच्या देशात असतात तसे बारा पंच इथंही बसवावेत.

"न्यायाधीश म्हणतात, ते फक्त अमेरिकन नागरिकांना. तू नागरिक आहेस का?"

"नाही," लोतोमाऊ म्हणाला.

"मग परदेशी आहेस का?"

"नाही."

"मग कोण आहेस?"

लोतोमाऊनं बराच विचार केला. "मी इथंच होतो," तो म्हणाला.

न्यायाधीशानं मान डोलावली. हा देश अमेरिकेच्या मालकीचा आहे, पण अमेरिकेत नाही, असं हाइनीनं सगळ्यांना समजावून सांगितलं. फुआताऊ सरदार म्हणाला, तसं तर आमच्या घरच्या डुकरांचंही असतं.

लेफ्टनंट गळ्यात हात बांधून आला. खरं बोलला, ढकलणारा दिसला नाही म्हणाला. तरुण अफसराचा चेहरा उजळला. तेवढ्यात सरकारी बाजूचा अधिकारी उठला. त्यानं कुण्या जुन्या खोबरेवाल्याकडून चटयांबद्दल काहीबाही ऐकलं होतं. त्यानं सापोलूला पुढे बोलावलं.

"त्या दिवशी गव्हर्नरसाहेबांच्या अंगणात चटई पांघरून का बसला होता?"

सापोलूच्या जिभेवर थाप आयतीच येऊन बसली होती, न्हाऊनमाखून, फुलं माळून. नजराणा होता, साहेब. एवढे तीन शब्द. यापेक्षा कितीतरी अवघड थापा त्यानं अर्ध्या झोपेत मारल्या होत्या. हाइनी त्याच्याकडे डोळे मोठे करून बघत होता. तरुण अफसर श्वास रोखून होता. लोतोमाऊ नेहमीसारखा पायाच्या अंगठ्याकडे बघत होता.

आणि सापोलूची नजर बगळ्याकडे गेली. बगळा त्याला ओळखून हसला. तेच हसू, निर्मळ, त्या सकाळचं. सापोलूच्या मनात आलं, हा माणूस माझ्या मानेवर कुऱ्हाड घालू शकत होता, आणि यानं चटई उचलली. त्याच्या तोंडावर मी म्हणू, की तू काही उचललं नाहीस? आमच्यात जे कधी कुठल्या राक्षसानं केलं नाही, ते हा करेल कसा? चटई उचललेला माणूस शिक्षा देत नाही. देऊच शकत नाही. हातच उठणार नाही त्याचा. मग थाप मारायची कशाला?

त्यानं काठी टेकली, चवरी खांद्यावर घेतली आणि तो बोलला. उभ्या आयुष्यात बोलला नव्हता असा बोलला. "आमच्या मुलानं तुमच्या मुलाचा हात मोडला. आम्ही तुमच्या अंगणात आलो, आमची हाडं घेऊन आलो, त्यांना लावायचा अग्नी घेऊन आलो. तुम्ही बाहेर आलात. तुमच्या हाती आमचा जीव होता, आणि तुम्ही चटई उचललीत. आता तुमचा लेफ्टनंट आमचा मुलगा आणि आमचा लोतोमाऊ तुमचा."

हाइनीच्या कपाळावर घाम आला. "काका, हे सांगू?"

"सांग."

"सगळं?"

"एक शब्द गाळलास तर तुझ्या बापाचं थडगं खोदून त्याची जर्मन दाढी उपटीन."

हाइनीनं सांगितलं. त्याच्या बोलण्याबरोबर बगळ्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमगत गेलं. सापोलूला वाटलं, उमगलं! आता उठेल, लोतोमाऊच्या खांद्यावर हात ठेवील. बगळा उठलाही. तो न्यायाधीशाकडे वळून थोडकंच बोलला आणि परत बसला. तरुण अफसरानं दोन्ही तळव्यांत तोंड झाकलं.

"काय म्हणाला?" तौसालानं विचारलं. "हाइनी, काय म्हणाला रे तो?"

"म्हणाला..." हाइनी भिंतीकडे बघत होता. "म्हणाला, म्हणजे ते गुन्हा कबूल करायला आले होते तर."

सात वर्षं. अमेरिकेतल्या तुरुंगात. शिक्षा ऐकून बाहेर पडताना बगळा सापोलूपाशी थांबला आणि खरेपणाबद्दल त्यानं त्याची पाठ थोपटली.

त्या संध्याकाळी तौसालानं चूल पेटवली नाही. "सापोल्या, चटई उचलली ना रे त्यानं?"

"उचलली, अक्का."

"मी मागे होते. मला नीट दिसलं नसेल. कुणा शिपायानं तर नाही ना उचलली?"

"त्यानंच उचलली. त्याच्या हातानं."

"मग?"



सकाळी सापोलू टेकडी चढला. हाइनीला हाताला धरून नेलं. बगळा सामान बांधत होता. त्याचाही काळ भरला होता आणि त्याच जहाजानं तो मायदेशी चालला होता. 'निजलेली भरती' एका पेटीत वरच्यावर ठेवलेली सापोलूला दिसली.

"त्याला सांग," सापोलू म्हणाला, "मी चटई परत मागायला आलो नाही. ती त्यानं पुन्हा माझ्या डोक्यावर घालावी. इथंच बसतो. मग कुऱ्हाड आणावी. नाहीतर पोराला सोडावं."

हाइनीनं कसं सांगितलं कोण जाणे. बगळ्यानं कान देऊन ऐकलं, हळहळला, काही बोलला.

"म्हणतात, कायद्यापुढे त्यांचा इलाज नाही. आणि म्हणतात, चटई त्यांच्या दिवाणखान्यात भिंतीवर लावणार आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्याला तुमचं नाव सांगतील."

बगळ्यानं इकडे-तिकडे बघितलं, कपाटातून गोमांसाचे दोन डबे काढले आणि सापोलूच्या हातात दिले. नजराण्याला परतफेड हवी, एवढा रिवाज तो इथं राहून शिकला होता. सापोलू ते डबे घेऊन टेकडी उतरला. वाटेत ते टाकून द्यावे असं त्याच्या मनात आलं. पण अन्न टाकायचं नसतं, म्हणून त्यानं ते बराकीमागच्या म्हाताऱ्या बाईच्या उंबऱ्यावर ठेवले.

जहाज सुटायच्या दिवशी धक्क्यावर बँड वाजत होता. बगळ्याच्या गळ्यात शाळेतल्या मुलींनी फुलांच्या माळा घातल्या होत्या. लोतोमाऊला पहाटेच आत नेऊन तळाशी कुठंतरी कोंडलं होतं. आईची भेट झाली नाही. तौसाला सगळ्यांच्या पुढे, अगदी पाण्याच्या कडेला उभी राहिली. दोर सुटले, भोंगा वाजला, आणि जहाजाची पोलादी भिंत हळूहळू सरकायला लागली. तिच्यात खाली गोल खिडक्यांची एक रांग होती.

"सापोल्या, यातली त्याची कोणती?"

सापोलूला ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं. तळाच्या कोठडीला खिडकीच नसते, हे हाइनीनं त्याला कालच सांगितलं होतं.

"ती," तो बोट दाखवून म्हणाला. "मागून दुसरी."

तौसाला हात हलवायला लागली. जहाज वळलं तशी खिडकी लांब लांब जात राहिली, आणि तेवढ्यात तिच्यातून खरोखरच एक हात बाहेर आला. स्वयंपाक्याचा गोरापान, केसाळ हात. त्यानं बादलीभर बटाट्याच्या साली पाण्यात ओतल्या, बादली आपटून झटकली आणि हात आत गेला.

"पाहिलास?" तौसाला म्हणाली. तिचा हात हवेत तसाच होता. "पाहिलास का रे? किती पांढरा पडला तो एवढ्यातच. ऊनच लागत नसेल आत."

"नाही लागत, अक्का," सापोलू म्हणाला.